घराचे मोल कोण ठरवणार? नागपूरची घरपट्टी आणि तिच्याविरुद्ध दाद मागण्याचा इतिहास

नागपूर महापालिकेच्या घरपट्टीमागे एक आकडा असतो: करयोग्य मूल्य. घरमालक किती कमावतो, यावरून तो ठरत नाही. तो ठरतो एका भाडेकरूवरून, आणि हा भाडेकरू बहुतेक घरांत कधी राहिलेलाच नसतो. हा काल्पनिक भाडेकरू नागपुरात आला कुठून आणि त्याच्या नावाने लावलेल्या आकड्याला आव्हान देण्याची वाट कशी तयार झाली, याची ही कथा.

भोसल्यांच्या काळात नागपूर राज्यात ‘पांढरी’ नावाचा कर होता. मराठी मुलखात शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणत. काळीवर जमीनमहसूल, शेती न करणाऱ्या विणकर, कारागीर, दुकानदारांवर पांढरी. ती माणसाची ऐपत पाहून बसवली जाई. १८५३ साली तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, राज्य खालसा झाले, पण पांढरी टिकली. इंग्रजांनी १८६७ साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदाही केला.

पांढरीत वाद ऐपतीचा होता. ‘धंदा बुडाला, एवढे झेपत नाही’ हे सांगणे तिथे सुसंगत होते. घरपट्टीत हे म्हणणे गैरलागू ठरते, कारण तिथे मोजमाप माणसाचे नसून वास्तूचे असते.

वास्तूच्या या मापाचे मूळ इंग्लंडात आहे. १६०१च्या तिथल्या गरीब-साहाय्य कायद्याने प्रत्येक परगण्यात मालमत्ताधारकांवर पट्टी बसवली. मोजायचे काय, याचा घोळ सव्वादोन शतके चालला. अखेर १८३६च्या कायद्याने उत्तर दिले: ती मालमत्ता वर्षाच्या कराराने भाड्याने दिली, तर वाजवीपणे जेवढे भाडे अपेक्षित आहे, तेच तिचे मूल्य. मालक स्वतः राहत असला, तरी तो जणू भाडेकरूच समजायचा. युक्ती हुशार होती. वाडा असो की खोली, एकच गज लावता येई. मात्र त्या गजाला अंदाजाची मूठ होती, आणि मूठ सरकारी हातात.

अशा अंदाजाविरुद्ध बोलण्याची सोय नसेल तर काय होते, हे काशीने दाखवून दिले. १८१० साली कंपनी सरकारने घराच्या भाडेमूल्यावर कर लावला. काशीच्या लोकांनी दुकाने, कारखाने बंद केले आणि हजारोंच्या संख्येने शहराबाहेर उघड्यावर जाऊन बसले. त्याच काशीत नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे. तेव्हा नागपूरच्या गादीवर दुसरे रघूजी होते. अर्ज फेटाळले गेले तरी लोक सहजासहजी उठले नाहीत. १८११ साली सरकारला तो कर मागे घ्यावा लागला.

नागपूरची नगरपालिका १८६४ साली स्थापन झाली. देशभर आकाराला आलेल्या नगरपालिका-कायद्यांत एक ठरावीक साखळी दिसू लागली: आकारणीची यादी तयार करायची, ती पाहण्यास खुली ठेवायची, जाहीर सूचना द्यायची, लेखी हरकत घ्यायची, सुनावणी करायची आणि त्यावर अपील. मैदानातले धरणे कागदावर आले. ही प्रगतीच होती; पण काशीत सारे शहर एकत्र बसले होते, हरकतीच्या अर्जावर प्रत्येक घर एकटे असते.

स्वातंत्र्यानंतर नागपूरला स्वतःचा कायदा मिळाला: नागपूर शहर महानगरपालिका अधिनियम, १९४८. त्यानुसार मार्च १९५१ मध्ये महापालिका अस्तित्वात आली आणि बॅरिस्टर शेषराव वानखेडे पहिले महापौर झाले. १९५६ साली नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, १९६० साली महाराष्ट्रात आले. कायदा मात्र मध्य प्रांत-वऱ्हाडचाच राहिला.

त्याच प्रांताची आणखी एक वारसा-वस्तू होती: १९४९चा मध्य प्रांत व वऱ्हाड भाडेनियंत्रण आदेश. आणि इथे काल्पनिक भाडेकरूची गाठ खऱ्या भाडेकरूशी पडली. खऱ्या भाडेकरूचे भाडे कायद्याने बांधलेले. मग काल्पनिक भाडेकरू ‘वाजवीपणे’ किती देईल? बाजारात मिळेल तेवढे, की कायदा परवानगी देतो तेवढे?

१९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या दिवाण दौलतराय कपूर खटल्यात उत्तर दिले: भाडेनियंत्रणाखाली जे प्रमाणभाडे ठरू शकते, त्याहून अधिक वार्षिक मूल्य धरता येणार नाही, मग ते भाडे प्रत्यक्षात ठरवून घेतलेले असो वा नसो. घरमालकांच्या हाती मोठे शस्त्र आले. देशभरच्या पालिकांची तिजोरी मात्र गोठलेल्या भाड्यांशी बांधली गेली.

पुढचे वळण मराठी माणसाला परिचित असलेल्या बेळगावातून आले. श्रीकांत काशिनाथ जितुरी विरुद्ध बेळगाव महापालिका या १९९४च्या निकालात न्यायालयाने भाडेनियंत्रणाची ही मर्यादा सर्वत्र आपोआप लागू होते, हे मान्य केले नाही. पालिकेचा मूळ कायदा काय म्हणतो, ते पाहायला हवे, असे म्हटले. शिवाय आकारणीच्या तथ्यांविषयीचा वाद असेल तर अपिलाचा मार्ग सोडून थेट उच्च न्यायालयात रिट घेऊन येऊ नये, असेही बजावले. पहिला मुद्दा पालिकांना दिलासा देणारा होता. दुसऱ्याने नागरिकाची जवळची वाट बंद केली.

विदर्भातला १९४९चा आदेश ३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम लागू झाल्यावर संपला. नागपूरचा स्वतंत्र पालिका-कायदाही २०१२ साली रद्द झाला आणि शहर राज्यातल्या इतर महापालिकांच्या कायद्याखाली आले. हा कायदा मूळचा मुंबई प्रांताचा, १९४९चा. त्याच्या हिशेबात वार्षिक भाड्यातून दुरुस्ती वगैरेसाठी दहा टक्के वजा होतात. म्हणजे महिना १,००० रुपये भाडे वाजवी धरले, तर वर्षाचे १२,००० आणि करयोग्य मूल्य १०,८०० रुपये. कराचा दर या रकमेवर लागतो.

या कायद्याच्या कलम ४०६ मध्ये अपिलाचे तीन दरवाजे आहेत. करयोग्य मूल्याबद्दल आधी आयुक्तांकडे तक्रार करून तिचा निकाल लागलेला असला पाहिजे. अपील १५ दिवसांत केले पाहिजे. आणि कराविरुद्ध अपील असेल, तर मागितलेली रक्कम आधी भरली पाहिजे. तिसरा दरवाजा सर्वांत जड. गिरणीमालकाला तो परवडतो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला परवडेलच असे नाही. अहमदाबादच्या अनंत मिल्सने याच कलमातल्या आगाऊ भरण्याच्या अटीला आव्हान दिले होते. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. अपिलाचा हक्क कायद्याने दिलेला आहे, तेव्हा त्याला अटीही कायदाच घालू शकतो, हा त्यामागचा तर्क. तर्क चोख आहे. पण ज्याचा आकडाच चुकीचा लागला, त्यानेही तोच चुकीचा आकडा आधी भरायचा, ही त्यातली विसंगती त्या निकालाने मिटलेली नाही.

म्हणून खरी लढत पहिल्या दरवाज्यावरच होते, झोन कार्यालयातल्या सुनावणीत. तिथे ‘कर फार आहे’ या वाक्याला वजन नसते. पांढरीच्या काळातले ते वाक्य पांढरीबरोबरच गेले. वजन असते तथ्यांना: चटईक्षेत्र किती मोजले, वापर निवासी की व्यावसायिक नोंदवला, बांधकाम कोणत्या प्रकारचे आणि किती जुने, घरात मालक राहतो की भाडेकरू. यांतली एक नोंद चुकली, तरी पुढचा सगळा हिशेब चुकतो.

मुंबईने तर २०१० पासून काल्पनिक भाडेकरूलाच निरोप देऊन भांडवली मूल्यावर कर बसवला. वाद तरीही थांबला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांपैकी काही रद्द ठरवले: जमिनीवर उद्या किती बांधता येईल हे धरून आजचा कर लावता येत नाही. भाडेकरूचा अंदाज गेला, त्याच्या जागी न बांधलेल्या इमारतीचा आला होता. नागपुरात मात्र आजही तोच जुना भाडेकरू घराघरांतून कागदावर राहतो आहे.