पाच टक्क्यांची हमी : बडनेऱ्याच्या रुळांवरून आलेला पहिला परदेशी गुंतवणूकदार

दावोसला करार झाले की दुसऱ्या दिवशी आकडे फिरायला लागतात. इतके लाख कोटी, इतके हजार रोजगार. आपल्या भागातली पोरं लगेच विचारतात, "आपल्या अमरावतीले काय भेटलं?" प्रश्न बरोबर आहे. पण त्याच्या आधी एक प्रश्न विचारायला पाहिजे : करारात काय लिहिलं आहे? कारण बाहेरच्या देशातल्या माणसाने पैसा लावायचा, आपल्याकडचं यंत्र इथं आणून बसवायचं अन् त्यावर धंदा करायचा, हा प्रकार वऱ्हाडाला नवा नाही. बडनेऱ्याने तो दीडशे वर्षांपूर्वी पाहिला. त्या काळची सगळ्यात मोठी टेक कंपनी होती रेल्वे.

जरा मागे जाऊ.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, आपल्या आज्यापणज्यांच्या तोंडची 'जीआयपी', ही १८४९ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झालेली लंडनची खासगी कंपनी. भागधारक तिकडचे, संचालक मंडळ तिकडचं, इंजिनं तिकडची. फक्त जमीन आपली अन् मजूर आपले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलं. त्याच वर्षी २१ मे ला निजामाने कर्जापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिला, हे मात्र कमी जणांच्या लक्षात असतं. म्हणजे रेल्वे अन् वऱ्हाड, दोन्ही गोष्टी इंग्रजांच्या हिशेबात सव्वा महिन्याच्या अंतराने आल्या.

वऱ्हाड त्यांना कापसासाठी पाहिजे होता. रेल्वेच्या आधी आपला कापूस बैलांच्या पाठीवरून जायचा, मिर्झापूरपर्यंत, तिथून गंगेने खाली. १८४२ साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर लादून कापूस कलकत्त्याकडे पाठवल्याची नोंद गॅझेटियरात आहे. वाटेत धूळ, पाऊस, चोरी. माल पोहोचेपर्यंत त्याची कळा गेलेली असायची. मँचेस्टरच्या गिरण्यांना असा कापूस नको होता. त्यातच १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला अन् सगळ्यांच्या नजरा इकडे वळल्या. १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोहोचले. भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा कापसाचा पट्टाच या लाईनने गाठला.

आता खरी गोष्ट, कराराची.

लंडनच्या माणसाने हजारो मैल दूर, भाषा माहीत नाही, हवा माहीत नाही, अशा मुलखात पैसा का लावावा? त्याला लावायला लावलं ते हमीने. कंपनीने जो पैसा घातला त्यावर सरकार दरसाल पाच टक्के व्याज देणार. धंद्यातून तेवढं निघालं नाही तर फरक सरकार भरणार. सरकारचा पैसा म्हणजे हिंदुस्थानचा महसूल, म्हणजे त्यात आपल्या शेतकऱ्याचा शेतसाराही आलाच. जमीन ९९ वर्षांसाठी फुकट. आणि एक कलम तर असं होतं की कंपनीला नको वाटलं तर सहा महिन्यांची नोटीस देऊन तिने लाईन सरकारच्या गळ्यात मारायची अन् घातलेलं भांडवल परत घ्यायचं.

म्हणजे नफा झाला तर वाटा कंपनीचा, तोटा झाला तर खातं रयतेचं. असा सौदा आपल्या बाजारात कोणी आणला तर अडते हसतील.

परिणाम व्हायचा तो झाला. मैलाला आठ हजार पौंड खर्च येईल असा सुरुवातीचा अंदाज होता, प्रत्यक्षात सरासरी दुपटीच्या वर गेली. काटकसर करायची गरजच कोणाला होती? १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे विल्यम मॅसी या गृहस्थांची साक्ष झाली. हे हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थमंत्री, म्हणजे घरचाच माणूस. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : व्याजाची हमी मिळालेल्या भांडवलदाराला आपला पैसा हुगळी नदीत फेकला काय अन् विटा-चुन्यात घातला काय, सारखंच.

करारात सरकारच्या बाजूचंही एक कलम होतं. २५ वर्षांनी किंवा ५० वर्षांनी सरकार लाईन विकत घेऊ शकत होतं. पंचविशीची संधी १८७० मध्ये, मुदत यायच्या आधीच, सरकारने सोडून दिली. त्यामुळे जीआयपी सरकारच्या मालकीची झाली १९०० साली, अन् कारभार प्रत्यक्ष हाती आला १९२५ मध्ये. एक कलम वापरलं नाही, त्याची किंमत पंचवीस वर्षं.

इथं आपल्या बडनेऱ्याचा एक बारकावा आहे. जीआपीची मुख्य लाईन अमरावतीला गेली नाही, बडनेऱ्यावरून पुढे निघून गेली. बडनेरा ते अमरावती हा जेमतेम सहा मैलांचा फाटा १८७०-७१ च्या सुमारास झाला, अन् तो सरकारने स्वतःच्या पैशाने केला. जलंब ते खामगाव फाटाही तसाच सरकारी. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला येऊन तो उघडून गेले. हमीची पद्धत परवडत नाही हे तोवर सरकारलाही कळून चुकलं होतं. म्हणजे बडनेऱ्याच्या स्टेशनवर उभं राहिलं की एका बाजूला हमीचे रूळ अन् दुसऱ्या बाजूला सरकारी पैशाचे रूळ, दोन्ही धोरणं नजरेत येतात.

रुळांच्या मागोमाग दुसरा गुंतवणूकदार आला, तो वेगळ्या जातीचा. फोल्कार्ट ब्रदर्स. १८५१ मध्ये दोन स्विस भावांनी स्वित्झर्लंडच्या विंटरथुरमध्ये अन् मुंबईत एकाच वेळी ही पेढी काढली. स्वित्झर्लंडला ना समुद्र, ना आरमार, ना साम्राज्य. त्यांना कोणी पाच टक्क्यांची हमी दिली नाही. त्यांनी खामगावात कापूस खरेदी सुरू केली, वाफेवर चालणारी प्रेस बसवली. गठाण इथंच घट्ट बांधली जायची अन् मुंबईहून थेट जहाजात चढायची. १८६९ ला सुएझ कालवा उघडला, १८७० पर्यंत समुद्राखालून तारा आल्या अन् लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडच्या बाजारात पोहोचायला महिने लागेनासे झाले. रॅली ब्रदर्स हे ग्रीक घराणंही याच धंद्यात होतं.

फोल्कार्टसारख्यांचं चाललं कसं? परक्या मुलखात त्यांनी इथल्याच दलालांवर, अडत्यांवर, मुनिमांवर भरवसा टाकला. शेतकरी कोण, त्याची पत किती, कोणत्या गावची रुई लांब धाग्याची, हे ज्ञान विंटरथुरमध्ये मिळणारं नव्हतं. यंत्र त्यांचं, माहिती आपली. पण रूळ, तार अन् कायदा ही सगळी व्यवस्था इंग्रजांनी रयतेच्या पैशावर उभी केली होती, अन् ती फोल्कार्टलाही आयती मिळाली, हेही विसरता येत नाही.

वऱ्हाडला काय मिळालं? पैसा आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. अकोला, अमरावती, खामगाव भरभराटीला आले, जिन-प्रेसच्या चिमण्या उभ्या राहिल्या, बडनेऱ्यात कापडाची गिरणी झाली. पण ज्वारीच्या वावरात कापूस आला अन् पोटाला लागणारा दाणा बाजारातून आणायची वेळ आली. १८९९-१९०० च्या छप्पनच्या दुष्काळात त्याचा हिशेब झाला. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती, १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर उतरली. दुष्काळ, रोगराई अशी कारणं अनेक. रेल्वे मात्र दारात होती. धान्य आणायला रूळ पुरत नाहीत, विकत घ्यायला खिशात पैसाही लागतो.

आणि तंत्र? ते इथं रुजलं का? १८६५ ते १९४१ या काळात ब्रिटनमधून हिंदुस्थानात बारा हजारांच्या वर इंजिनं आली, इथं तयार झाली सुमारे सातशे. पाऊणशे वर्षं आपण इंजिन दुरुस्त करायला शिकलो, बनवायला फारसं शिकू दिलं नाही. अशी कलमं करारात नसली की ती नंतर आपोआप येत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर चित्र उलटलं. निव्वळ परदेशी पेढी म्हणून इथं पुढे फार भवितव्य नाही, हे फोल्कार्टने ओळखलं अन् १९५४ मध्ये टाटांशी भागीदारी केली. फोल्कार्टचं 'व्होल' अन् टाटांचं 'टास', झालं व्होल्टास. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की ज्या एसीखाली आपण बसतो, त्याच्या नावात वऱ्हाडचा कापूस घेणारी ती स्विस पेढी अजून आहे. पुढे १९७३ च्या फेरा कायद्याने बऱ्याच परदेशी कंपन्यांना हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणायला सांगितलं. आयबीएमला ते मान्य नव्हतं, ती १९७८ मध्ये गेली. तिची यंत्रं सांभाळायचं काम सीएमसी या सरकारी कंपनीतल्या आपल्या इंजिनिअरांनी उचललं. १९९१ नंतर दारं पुन्हा उघडली. आज संगणक-सॉफ्टवेअरच्या धंद्यात शंभर टक्के परदेशी भांडवल चालतं.

अन् वारा उलटाही वाहतो. किर्लोस्कर ब्रदर्सने २००३ मध्ये इंग्लंडची एसपीपी पंप्स घेतली. २००४ मध्ये पुण्याच्या भारत फोर्जने जर्मनीतली कंपनी घेतली. बडनेऱ्याचं इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ चं. तिथून निघालेली पोरं उद्या दुबईत, अमेरिकेत कंपनी काढतील तेव्हा ती तिथं 'परदेशी गुंतवणूकदार' असतील. त्यांनी जीआपीची नक्कल करू नये. ती हमी साम्राज्याच्या जोरावर मिळाली होती, ती कोणी देणार नाही. फोल्कार्टकडून मात्र शिकण्यासारखं आहे : स्थानिक माणूस सोबत घ्या, तिथला कायदा बदलतो आहे हे वेळेत ओळखा अन् भागीदारीला कमीपणा मानू नका.

आपल्या घरच्या बाजूने बघायचं तर नांदगाव पेठच्या पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याच्या कार्यक्रमात झाली. त्याचं स्वागतच आहे. कापूस पिकवायचा आपण अन् कापड दुसरीकडे, हे किती दिवस चालायचं? पण कंपनी देशी येवो की परदेशी, चार गोष्टी विचारायचा हक्क आपला आहे. जमीन, पाणी, वीज कोणत्या भावात दिली? तोटा झाला तर कोणाच्या माथी? कंपनी सोडून गेली तर शेड अन् यंत्रं कोणाची? अन् आपली पोरं तिथं फक्त गेटवर उभी राहतील की यंत्र खोलून जोडायला शिकतील?

हे प्रश्न विचारणारा विकासाच्या आड येतो, असं म्हणायची फॅशन आहे. १८४९ मध्ये हे प्रश्न विचारायला आपल्यापैकी कोणी त्या टेबलावर नव्हतं. आता आमदार आपले, खासदार आपले, माहितीचा अधिकार आपला. मग काऊन विचारायचं नाही?

ता.क. : कोणाच्या घरी जुन्या जिन-प्रेसचे, गिरणीचे किंवा रेल्वेच्या नोकरीचे कागद, फोटो पडले असतील तर रद्दीत घालू नका. कमेंटमध्ये टाका, नाही तर फोन करा. मी येऊन पाहतो.