ऑर्ग-मोड : मजकुरात राहणारी आकडेमोड

संशोधनाचा अहवाल एका फाइलमध्ये, त्यातील आकडेमोड दुसरीकडे आणि आलेख काढणारा प्रोग्राम तिसरीकडे, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी असते. काही महिन्यांनी एखाद्या आकड्याविषयी शंका आली, की तो कोठून आला याचा माग लागत नाही. ही तिन्ही कामे एकाच साध्या मजकुराच्या फाइलमध्ये करण्याची सोय ‘ईमॅक्स’ या मुक्त संपादकातील ‘ऑर्ग-मोड’ने उपलब्ध करून दिली आहे. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये टिपणे व कामे यांची नोंद ठेवण्यासाठी त्याची सुरुवात केली. २००७ पासून ते ईमॅक्ससोबतच मिळते.

यातील तक्ता म्हणजे उभ्या दंडांनी विभागलेल्या मजकुराच्या ओळी होत. सूत्रे तक्त्याच्या खाली, ‘टीबीएलएफएम’ या अक्षरांच्या ओळीत, उघड लिहिलेली असतात. डॉलर चिन्हापुढील अंक स्तंभ दाखवतो, तर @ चिन्हापुढील अंक ओळ. दुसरा स्तंभ दर आणि तिसरा नग असेल, तर चौथ्यात त्यांचा गुणाकार मांडण्यास एक सूत्र पुरते. मात्र खास खूण केलेल्या ओळी वगळता गणित आपोआप होत नाही. सूत्राच्या ओळीवर कंट्रोल-सी दोनदा दाबावे लागते. दर बदलून हे करायचे राहिले, तर जुनीच बेरीज खरी वाटत राहते.

याहून फसवी गोष्ट आहे ती क्रियांच्या क्रमाची. सूत्रे सोडवणाऱ्या ‘कॅल्क’मध्ये गुणाकार भागाकाराच्या आधी केला जातो. त्यामुळे १२/३*२ चे उत्तर नेहमीच्या स्प्रेडशीटमध्ये ८ येते, येथे मात्र २. कंस घालणे हाच उपाय.

प्रोग्राम चालवण्याची बाजू ‘बेबल’ सांभाळते. एरिक शुल्टे व डॅन डेव्हिसन यांनी घडवलेला हा भाग २०१० मध्ये ऑर्गच्या सातव्या आवृत्तीत समाविष्ट झाला. गद्य आणि प्रोग्राम एकत्र लिहिण्याची डोनल्ड नूथ यांची १९८४ मधील कल्पना त्याच्या मुळाशी आहे. सुरुवात व शेवट सांगणाऱ्या दोन ओळींमध्ये प्रोग्राम लिहायचा. तो चालवला की उत्तर त्याच्या खालीच उमटते. नाव दिलेला तक्ता पायथनला पुरवता येतो, पायथनचे उत्तर ‘आर’ या संख्याशास्त्रीय भाषेला देता येते आणि तिचा आलेख त्याच अहवालात बसवता येतो. वाचकाला आकडा तपासायचा असेल, तर तो स्वतः काढून पाहता येतो. खरा लाभ हाच.

परंतु चालणारा मजकूर म्हणजे प्रोग्रामच होय, आणि दुसऱ्याने पाठवलेली फाइल संगणकावरील माहिती पुसूही शकते. म्हणून मुळात केवळ ईमॅक्स लिस्प ही एकच भाषा सुरू असते, इतर भाषा वापरणाऱ्याने निवडायच्या असतात. शिवाय प्रोग्राम चालवण्यापूर्वी संमती विचारली जाते. हा प्रश्न कटकटीचा वाटून अनेक जण तो कायमचा बंद करतात, ते धोक्याचे आहे. अर्थात प्रश्न सुरू ठेवूनही सारेच टळते असे नाही. दुव्यांच्या संक्षेपांमधील एका त्रुटीमुळे नुसती फाइल उघडताच, काहीही न विचारता, आज्ञा चालू शकत होत्या. जून २०२४ मध्ये ईमॅक्स २९.४ व ऑर्ग ९.७.५ या आवृत्त्या तातडीने काढून ती दूर करण्यात आली. त्याआधीच्या आवृत्त्यांत अनोळखी व्यक्तीची ऑर्ग फाइल उघडू नये.