जुन्या रजिस्टरात नवा रकाना

शाळेचे जनरल रजिस्टर आपल्या सर्वांच्या परिचयाचे. समजा, त्यात उद्यापासून एक रकाना वाढवायचा आहे. पाने तर आखलेली आणि भरलेली. मग आपण काय करतो? समासात रकाना आखतो, नाहीतर नवे रजिस्टर आखून सारे उतरवून काढतो. संगणकाच्या डेटाबेसपुढेही याच दोन वाटा असतात. 'एसक्यूलाइट' या छोट्या, सर्वांना खुल्या सॉफ्टवेअरच्या इतिहासात त्या स्पष्ट दिसतात.

माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. साठवणीची रीत बदलली तरी वापरणाऱ्याचे काम अडू नये, हा त्यामागचा एक हेतू. पुढे रिचर्ड हिप यांना अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेसाठी काम करताना वेगळ्या सर्व्हरवाचून चालणाऱ्या डेटाबेसची गरज भासली. ऑगस्ट २००० मध्ये त्यांनी एसक्यूलाइट प्रसिद्ध केले. यात सारी माहिती एकाच फाइलमध्ये राहते, आणि तक्त्याचा आराखडाही तिथेच मजकूर म्हणून लिहिलेला असतो.

रकाना वाढवण्याची सोय २००५ मध्ये आली. गंमत अशी, की तेव्हा जुन्या ओळींना हातच लागत नाही. फक्त आराखड्याचा मजकूर बदलतो. जुन्या ओळीत शेवटची किंमत सापडली नाही, तर वाचताना तिथे आधी ठरवलेली किंमत किंवा 'नोंद नाही' असे धरले जाते. ही झाली समासातली आखणी.

रकान्याचे नाव बदलणे मात्र २०१८ मध्ये आणि रकाना काढून टाकणे २०२१ मध्ये शक्य झाले. एवढा उशीर का? नाव बदलायचे, तर ते जिथे जिथे आले आहे तिथे बदलावे लागते. रकाना काढायचा, तर ओळी पुन्हा लिहाव्या लागतात.

तोवर वाट एकच: नवे रजिस्टर. तात्पुरत्या नावाने नवा तक्ता करायचा, ओळी उतरवायच्या, जुना तक्ता काढायचा आणि शेवटी नव्याला जुने नाव द्यायचे. इथे क्रम महत्त्वाचा. जुन्याचेच नाव आधी बदलले, तर त्याचा उल्लेख करणारे इतर तक्ते त्या बदललेल्या नावामागे जाऊ शकतात. शिवाय हे सारे एकाच व्यवहारात बांधायचे. मध्येच वीज गेली, तरी जुने रजिस्टर जसेच्या तसे हाती येते.

२००४ मध्ये ठरलेली फाइलची मांडणी आजचे एसक्यूलाइटही वाचते, आणि २०५० पर्यंत ते सांभाळण्याचा त्याच्या कर्त्यांचा निश्चय आहे. पंचवीस वर्षांनी दाखला मागायला आलेल्या विद्यार्थ्याला आपण रजिस्टर उघडून दाखवतो. त्यामागेही हीच जबाबदारी नसते काय?