सुरक्षित कोडलेखन

सुरक्षित कोडलेखन : संगणकाची आज्ञावली लिहितानाच तिच्यावर होऊ शकणाऱ्या हल्ल्यांचा विचार करून, बाहेरून आलेली माहिती तपासल्याशिवाय न स्वीकारणारी आणि प्रत्येकाला कामापुरताच अधिकार देणारी रचना करण्याची पद्धत. कंपनीत ती रुजवणे हा तंत्राइतकाच कामाच्या रीतीचा प्रश्न असतो. कारण डेव्हलपरचे मोल सहसा मुदतीत पूर्ण झालेल्या कामावर ठरते आणि टळलेला हल्ला कोणाच्याच हिशेबात येत नाही.

२००१ साली ‘कोड रेड’ व ‘निम्डा’ या आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामांचा उपद्रव झाल्यावर, जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी मायक्रोसॉफ्टच्या कर्मचाऱ्यांना पत्र पाठवून नव्या सोयींपेक्षा सुरक्षिततेला अग्रक्रम देण्यास सांगितले. त्यानंतर विंडोजचे नवे काम थांबवून हजारो डेव्हलपरांना प्रशिक्षण देण्यात आले व जुना कोड तपासला गेला. तरीही खरा बदल २००४ मध्ये झाला असे म्हणावे लागते, कारण तेव्हा ही तपासणी कंपनीच्या विकासप्रक्रियेचा सक्तीचा भाग ठरली.

बेळगाव–निपाणी सीमाभागात या विषयाला लिपीची एक बाजू आहे, कारण येथील नावे देवनागरी, कन्नड व रोमन अशा तीन लिप्यांत लिहिली जातात. नावाच्या रकान्यात ‘फक्त अक्षरे’ चालतील हा नियम वरकरणी सुरक्षित वाटतो. परंतु युनिकोड या लिपिसंकेतप्रणालीच्या वर्गीकरणात काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरे नसून चिन्हे असल्याने, तीन अक्षरे व तीन स्वरचिन्हे असलेला ‘निपाणी’ हा शब्दच अशा नियमात बसत नाही, आणि कन्नड नावांचीही तीच गत होते. तक्रारी वाढल्या की तपासणीच काढून टाकण्याचा मोह होतो, आणि ही पळवाट मूळ चुकीहून घातक असते. ‘डिसोझा’ हे आडनाव रोमन लिपीत ‘डी’नंतर एकेरी अवतरणचिन्हासारखी खूण देऊन लिहितात, डेटाबेसच्या एसक्यूएल या भाषेत तीच खूण मजकुराची सीमा दाखवते, म्हणून वापरकर्त्याचा मजकूर थेट आज्ञेत जोडला असेल तर प्रामाणिक खातेदाराच्या नावाने प्रोग्राम अडखळतो आणि त्याच फटीतून हल्लेखोराला स्वतःची आज्ञा घुसवता येते. याला ‘एसक्यूएल इंजेक्शन’ म्हणतात. खुणेवर बंदी घालणे हा त्यावरचा उपाय नव्हे (सॉफ्टवेअरसाठी कोणी आडनाव बदलत नाही). आज्ञेचा साचा आधी ठरवून मजकूर केवळ मूल्य म्हणून वेगळा पाठवणे, म्हणजेच ‘पॅरामीटराइज्ड क्वेरी’ वापरणे, हा खरा उपाय होय.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले, तेव्हा एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी बनावट यंत्रणा उभी केली होती. असा हल्ला केवळ चांगल्या कोडने थांबत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने नागरी सहकारी बँकांना चार स्तरांची सायबर सुरक्षा चौकट घालून दिली असून, सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या लहान कंपन्यांपर्यंतही तिचा दाब पोचतो.

अशा कंपनीत स्वतंत्र सुरक्षा विभाग परवडत नसल्यास प्रत्येक गटातील एका डेव्हलपरकडे ‘सिक्युरिटी चॅम्पियन’ म्हणून ही बाजू सोपवतात. कोणताही बदल दुसऱ्याने वाचल्याशिवाय, म्हणजे कोड रिव्ह्यूशिवाय, मुख्य कोडात मिसळू दिला जात नाही, आणि सापडलेली चूक लिहिणाऱ्याच्या माथी मारण्याऐवजी तिची चाचणी तयार करून ठेवली जाते. सीमाभागातील सॉफ्टवेअरसाठी अशा चाचण्यांच्या यादीत निपाणी, ‘ळ’ असलेले बेळगाव आणि रोमन लिपीतले डिसोझा ही नावे असणे इष्ट असते.