जुन्या कार्यप्रणालीकडे परतणे : मराठी अक्षरजुळणीच्या इतिहासातील एक प्रश्न

प्रस्तावना

संगणकाची नवी कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) स्वीकारल्यानंतर पुन्हा जुनीकडे वळणे ही बाब केवळ तांत्रिक स्वरूपाची मानली जाते. नव्याविषयीची भीती हे तिचे कारण म्हणून सांगितले जाते. मराठी मुद्रणाच्या संदर्भात हे कारण अपुरे आहे. येथे जुनी प्रणाली हवी असे ती तिच्यावर चालणाऱ्या मराठी सॉफ्टवेअरसाठी, आणि सॉफ्टवेअर हवे असे ते त्यात अडकलेल्या मजकुरासाठी. प्रस्तुत लेखात या संबंधाचा आढावा घेतला आहे.

मजकूर आणि फाँट

कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुण्यातील सी-डॅकने पुढे विकसित केले. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ मराठी छपाईत रूढ झाली. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. तथापि अक्षरजुळणीच्या व्यवहारात मानकांऐवजी फाँटांचेच वर्चस्व राहिले. फाँटमधील २५६ जागांत रोमन अक्षरांच्या ठिकाणी काना, वेलांटी, अर्धी अक्षरे बसवलेली असत आणि प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी असे. मूळ फाँट नसेल तर पेजमेकरमधील मराठी परिच्छेद निरर्थक रोमन अक्षरांची रांग म्हणून दिसे.

कबनूर-इचलकरंजी हा यंत्रमागांचा परिसर आहे. माग मोडीत निघाला तरी त्यावर विणलेले कापड टिकते. संगणकावरील मराठी मजकुराला मात्र स्वतःच्या ‘मागा’वाचून अस्तित्व उरले नाही.

परतीच्या वाटा

विंडोज ९८ ही डॉसच्या पायावर उभी होती. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीचा पाया एनटीचा होता. एक्सपी सामान्य सॉफ्टवेअरला यंत्रसामग्रीशी थेट संपर्क साधू देत नसे. परिणामी काही जुनी सॉफ्टवेअर तिच्यावर चालेनाशी झाली. ९८ वर एक्सपी चढवताना जुन्या प्रणालीची प्रत राखून ठेवता येत असे व ती परत आणता येत असे; परंतु मधल्या काळात बसवलेली सॉफ्टवेअर पुन्हा बसवावी लागत. सॉफ्टवेअर म्हणजे केवळ एका फोल्डरमधील फाइली नव्हेत. रजिस्ट्रीत व प्रणालीच्या फोल्डरांत त्याच्या नोंदी विखुरलेल्या असतात. प्रणाली बदलली की त्या नोंदींचा आधार जातो.

२००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आली. तिच्या व्यावसायिक आवृत्त्यांच्या परवान्यात एक्सपी प्रोफेशनल वापरण्याची मुभा होती. कायद्याने वाट मोकळी होती, पण व्यवहारात एक्सपी नव्याने बसवून प्रत्येक सॉफ्टवेअर मूळ सीडीवरून पुन्हा घालावे लागे. सीडी हरवली असेल तर परतणे व्यर्थ ठरे. २००९ च्या विंडोज ७ मधील ‘एक्सपी मोड’ने निराळा मार्ग दाखवला : नव्या प्रणालीच्या पोटातच आभासी संगणकावर जुनी प्रणाली चालू लागली. २०१५ च्या विंडोज १० मध्ये परतण्यासाठी प्रथम ३० दिवसांची मुदत होती; २०१६ मध्ये ती १० दिवसांवर आली. तत्पूर्वी, ८ एप्रिल २०१४ रोजी, एक्सपीचा अधिकृत आधार संपुष्टात आला होता.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की जुन्या प्रणालीकडे परतणे हा तात्पुरता उपाय होता. मूळ अडचण मजकूर सॉफ्टवेअरशी जखडला जाण्याची होती. महाविद्यालयांचे वार्षिकांक, स्मरणिका आणि प्रबंध ज्या काळात अशा फाँटांत जुळवले गेले, त्या काळाच्या इतिहासाची ती साधने आहेत. जुना संगणक चालू आहे तोवरच या फाइली युनिकोडमध्ये आणणे आवश्यक आहे. रूपांतरात रफार, जोडाक्षरे व ऱ्हस्व वेलांटी यांत चुका संभवतात, म्हणून छापील प्रतीशी ताडून पाहणेही तितकेच अगत्याचे आहे. फाइल उघडत नाही म्हणून जुना संच मोडीत काढण्यापूर्वी त्यातील मजकुराची यादी करणे, ही ग्रंथालय व मराठी विभाग यांची संयुक्त जबाबदारी मानली पाहिजे.