चीज, छाप आणि परवाना

मुक्त सॉफ्टवेअर म्हणून बनणाऱ्या गेमसाठी चित्रं आणि संगीत कोणत्या परवान्याखाली द्यावं, हा आजचा प्रश्न. त्यासाठी आधी लखनौच्या कैसरबागेत जाऊ.

तिथलं मॅरिस कॉलेज 1926 साली सुरू झालं. त्यामागे होते मुंबईचे पंडित विष्णू नारायण भातखंडे, शिक्षणाने वकील. घराण्यातली खास चीज बाहेर जाऊ द्यायची नाही, असा तो काळ. भातखंड्यांनी ठिकठिकाणी फिरून चिजा मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि मराठीतल्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’तून छापल्या. स्वरलिपी वाचता येणाऱ्या कुणालाही चीज खुली झाली.

पण बंदिशीत कर्त्याची छाप असते. नियामत खाँ ‘सदारंग’, वाजिद अली शाह ‘अख्तर’, स्वतः भातखंडे ‘चतुर’. चीज कितीही गळ्यांतून फिरली, तरी नाव टिकतं. क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘बाय’ परवाना हेच मागतो: वापरा, बदला, पण श्रेय द्या. छापेला एक गोष्ट जमत नव्हती. चीज घेऊन पुन्हा कुलूपबंद करणाऱ्याला ती अडवू शकत नव्हती. ‘बाय-एसए’ ते अडवतो. बदललेली कृतीही त्याच अटींवर द्यावी लागते.

2003 साली आलेल्या ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ या गेमने चित्रांनाही प्रोग्रामचाच परवाना, म्हणजे जीपीएल, लावला. जीपीएल मूळ स्रोत मागतो. चित्राचा स्रोत कोणता? बदल करायला सोयीची फाइल, म्हणजे बहुधा थर वेगळे ठेवलेली. ती सगळेच जपत नाहीत. 2012 च्या ‘लिबरेटेड पिक्सेल कप’ स्पर्धेत चित्रं जीपीएल आणि बाय-एसए अशा दोन्ही परवान्यांखाली मागितली गेली. 2015 पासून बाय-एसए 4.0 मधली कृती जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत नेता येते. उलट मात्र नाही.

‘व्यापारी वापर नको’ ही अट उदार वाटते, पण ती लावली की कृती मुक्त राहत नाही. डेबियनच्या मुख्य संग्रहात तिला जागा नाही.

आता कायदा. भातखंडे 1936 साली गेले. त्यांच्या हयातीत छापलेल्या लेखनावरचा हक्क 50 वर्षांनी, 1986 अखेर संपला. पुढे मुदत 60 वर्षं झाली, म्हणून 1941 साली गेलेल्या रवींद्रनाथांच्या लेखनावरचा हक्क 2001 पर्यंत लांबला. म्हणजे जुनी बंदिश गेममध्ये खुशाल घ्या. पण एखाद्या गायकाची ध्वनिमुद्रिका उचलू नका, कारण ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. मैत्रिणीकडून गाऊन घ्या आणि परवान्याला तिची लेखी संमती घ्या.

परवाना पहिलं चित्र स्वीकारण्याआधीच ठरवा. नंतर बदलायचा झाला, तर प्रत्येक चित्रकाराला शोधून विचारावं लागतं, आणि एकानेही नकार दिला तर त्याचं काम काढावं लागतं. प्रत्येक फाइलशेजारी कर्त्याचं नाव आणि परवाना लिहून ठेवा. चित्राला छाप आपोआप नसते.