ओहम नावाचा मास्तर

विजेचे बिल हाती आले की आपली नजर थेट शेवटच्या आकड्यावर जाते. त्या आकड्याच्या पाठीमागे तीन मापे उभी असतात. विजेचा दाब व्होल्टमध्ये, वाहणारी धारा अँपिअरमध्ये आणि तारेने केलेला रोध ओहममध्ये. दाबाला धारेने भागले की रोध मिळतो. दाबाला धारेने गुणले की शक्ती, म्हणजे वॅट. शाळेत हे आपण एका दमात पाठ करतो. मी कलाशाखेचा पदवीधर, रमलो कवितेत. पण मात्रा मोजायची सवय जडलेली, त्यामुळे एक प्रश्न मला नेहमी पडतो. व्होल्ट आणि अँपिअर ही नावेसुद्धा जेव्हा नव्हती, तेव्हा हा हिशेब कोणी मांडला, आणि कशाच्या आधारे?

तो मांडला जर्मनीतल्या एका शाळामास्तराने. गेओर्ग झिमोन ओहम. जन्म 1789 चा, एर्लांगेन गावातला. वडील कुलुपे बनवणारे कारागीर. पण स्वतःच्या हिमतीवर गणित शिकलेले, आणि तेच त्यांनी आपल्या मुलांना शिकवले. गेओर्ग 1817 साली कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवू लागला. शाळेत प्रयोगशाळा बरी होती. मनात मात्र विद्यापीठात प्राध्यापक व्हायचे होते.

1825 साली त्याने तारेची लांबी आणि विजेची धारा यांचा संबंध सांगणारे पहिले सूत्र छापले. ते टिकणारे नव्हते. व्होल्टाच्या घटाची ताकद मोजमाप चालू असतानाच बदलत असे; वजनकाटाच हलता असेल तर तोल कसा लागणार? तेव्हा पोगेनडॉर्फ या संपादकाने त्याला सुचवले, घट सोडा, उष्णतेपासून मिळणारी वीज वापरा. चारच वर्षांपूर्वी, 1821 साली, झेबेकने ती शोधली होती. ओहमने बिस्मथ आणि तांबे जोडले. एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा वितळत्या बर्फात. ही दोन्ही तापमाने हलत नाहीत, म्हणून विजेचा दाबही हलला नाही. धारा मोजायला त्याच्यापाशी होती एक टांगलेली चुंबकसूची. तिला जागेवर आणण्यासाठी किती पीळ द्यावा लागतो, तेच धारेचे माप.

मग त्याने एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सर्वांत आखूड 2 इंचांची, सर्वांत लांब 130 इंचांची. तार 65 पट लांब झाली, पण धारा काही 65 पट घटली नाही. ती जवळजवळ सातव्या हिश्श्यावर आली. असे का? ओहमने हिशेब जुळवला तो असा : तारेच्या लांबीत आणखी सुमारे 20 इंच मिळवायचे आणि त्या बेरजेने भागायचे. हे 20 इंच म्हणजे उपकरणाचा स्वतःचा रोध. जो वीज देतो, त्याच्या आतही अडथळा असतोच!  ओहमचे रोधाचे माप म्हणजे तारेची लांबी.

1827 साली त्याचे पुस्तक निघाले. त्यावर कडक टीका झाली. हवे असलेले प्राध्यापकपद मिळाले नाही आणि 1828 मध्ये कोलोनची नोकरीही त्याने सोडली. काही वर्षे बर्लिनमध्ये शिकवण्यावर गुजराण केली. 1833 साली न्यूरेंबर्गला बरी जागा मिळाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिले, तोवर 1841 उजाडले होते.

याच सुमारास इंग्लंडमध्ये जूलने दाखवून दिले, की तारेत होणारी उष्णता धारेच्या वर्गावर आणि रोधावर अवलंबून असते. इथे शक्तीचा हिशेब जोडला गेला. घरातलेच उदाहरण घ्या. 230 व्होल्टवर इस्त्री 4 अँपिअर धारा घेत असेल, तर तिचा रोध साडेसत्तावन्न ओहम आणि शक्ती 920 वॅट. तासभर फिरवली तर एक युनिटला थोडे कमी. आता संध्याकाळी गावात दाब 180 व्होल्टवर आला, असे समजा. रोध साधारण तोच राहतो, धारा सव्वातीनच्या आत येते आणि शक्ती उरते 563 वॅट. दाब जेमतेम पाचव्या हिश्श्याने घटला, पण शक्ती जवळजवळ चाळीस टक्क्यांनी! इस्त्री का तापत नाही, याचे कारण कोलोनच्या त्या आठ तारांमध्ये आहे.

ओहमला भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले ते म्युनिकमध्ये, 1852 साली. 1854 च्या जुलैत तो वारला. 1881 साली पॅरिसच्या विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला त्याचे नाव दिले, शेजारी व्होल्ट आणि अँपिअर. व्होल्टा आणि अँपिअर दोघेही मोठे प्राध्यापक. त्यांच्या पंगतीत शाळेतल्या मास्तराचे पान मांडले गेले, त्याच्या मृत्यूनंतर 27 वर्षांनी. आपल्याकडे शाळेत तो नियम आजही शिकवतात. शिकवणाऱ्या गुरुजींनी फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी दोन मिनिटे या माणसाबद्दलही सांगावे, एवढेच मला वाटते.